प्रकाशाचाच छापा

हाताने रांगोळी काढायची तर रेघ न् रेघ ओढावी लागते; छिद्रांचा पत्र्याचा छापा असला की अख्खी नक्षी एकदम उमटते. लेसरने धातूवर सूक्ष्म नक्षी करण्याचेही असेच दोन मार्ग आहेत. एकात लेसरचा बारीक ठिपका फिरवत एकेक रेघ कोरतात. दुसऱ्यात एकाच स्पंदात शेकडो रेघा उमटतात, आणि छापा असतो खुद्द प्रकाशाचा. त्यामुळे तो झिजत नाही, बोथट होत नाही. या तंत्राला डायरेक्ट लेसर इंटरफेरन्स पॅटर्निंग, थोडक्यात डीएलआयपी म्हणतात.

जर्मनीतल्या दोन शहरांनी ते जोपासले. झारब्रुकेनच्या झारलँड विद्यापीठात फ्रँक म्युकलिश यांच्या गटात त्यावर मूलभूत काम झाले. तिथेच डॉक्टरेट केलेले, मूळचे अर्जेंटिनाचे आंद्रेस लासाग्नी पुढे ड्रेस्डेनला गेले. तिथल्या तांत्रिक विद्यापीठाने आणि फ्राउनहोफर संस्थेने हे तंत्र प्रयोगशाळेतल्या टेबलावरून कारखान्याकडे नेले.

तत्त्व जुने आहे. प्रकाशाच्या व्यतिकरणाचे पट्टे थॉमस यंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दाखवले होते. एकाच लेसरचे दोन झोत करून ते कोनात एकमेकांवर पाडले की उजेड-अंधाराचे समांतर पट्टे तयार होतात. उजेडाच्या पट्ट्यात धातू वितळतो, अंधारातला घट्ट राहतो. वितळलेला रस पृष्ठताणामुळे गरम जागेकडून थंड जागेकडे ओढला जातो आणि क्षणात गोठतो. चर आणि वरंबे तयार! तीन किंवा चार झोत घेतले तर रेघांऐवजी ठिपक्यांची जाळी मिळते.

मला या साऱ्यात सर्वांत देखणी वाटते ती अंतर बदलण्याची सोय. दोन रेघांमधले अंतर तरंगलांबी आणि झोतांमधला कोन या दोनच गोष्टी ठरवतात. 532 नॅनोमीटरचा हिरवा लेसर 30 अंशांत जुळवला तर अंतर येते सुमारे 1 मायक्रॉन. कोन कमी केला की अंतर वाढते. उलट कोन कितीही वाढवला तरी तरंगलांबीच्या निम्म्याखाली जाता येत नाही. यंत्राच्या शीर्षातला एक प्रिझम पुढेमागे सरकवला की कोन बदलतो, नवा साचा घडवावा लागत नाही. शिवाय पट्टे फक्त एका पातळीवर नसतात. झोत जिथवर एकमेकांत मिसळतात त्या सगळ्या जागेत ते असतात, म्हणून पत्रा थोडा वरखाली असला तरी नक्षी बिघडत नाही.

कसोटी मात्र वेळेची. 10 पिकोसेकंदांचा स्पंद हवेत जेमतेम 3 मिलिमीटर लांब असतो. दोन्ही झोतांच्या वाटेत त्याहून जास्त फरक पडला तर त्यांची गाठच पडत नाही. शीर्षाची रचना करणाऱ्यांचे खरे कौशल्य इथे लागते. या तंत्राने धातूवर मिनिटाला सुमारे 0.36 चौरस मीटर आणि प्लास्टिकवर 0.9 चौरस मीटरपर्यंतचा वेग गाठता आला.

एवढा खटाटोप कशासाठी? एअरबससोबत ड्रेस्डेनच्या मंडळींनी विमानाच्या पंखावरच्या बर्फाचा प्रश्न घेतला. नक्षीदार धातूवर बर्फाची पकड ढिली पडते. तापवून बर्फ उतरवण्याच्या चाचणीत साध्या पृष्ठभागाला 70 सेकंद लागले, नक्षीच्या पृष्ठभागाला 5. झारब्रुकेनच्या गटाने तांबे, पितळ आणि पोलादावर नक्षी करून नमुने आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकात पाठवले. स्पर्शातून पसरणाऱ्या जंतूंवर धातू आणि नक्षी मिळून काय परिणाम करतात, हे तिथे अजमावले गेले. तांब्याचा जंतुनाशक गुण आपल्याकडे पाणी भरून ठेवणाऱ्या घरांना नवा नाही. जंतूंच्या मापाच्या चरांची जोड नवी आहे. पाणी टिकू न देणाऱ्या फ्लोरिनयुक्त लेपांचा पर्याय म्हणूनही या नक्षीकडे पाहिले जाते, आणि मला तो तिचा सर्वांत मोलाचा उपयोग वाटतो. लेप सुटतो आणि पाण्यात-मातीत जातो. नक्षी त्याच धातूची असते.

पण ती अमर नाही. पाणी झटकणारे कमळाचे पान आपला मेणाचा थर पुन्हा घडवते, धातूला ते जमत नाही. घासला की वरंबे झिजतात, घाणीने चर भरतात. आणखी एक विलक्षण गोष्ट: लेसरखालून नुकताच निघालेला धातू बहुधा पाणी झटकत नाही, उलट ओढून घेतो. दिवस, कधी आठवडे उलटतात, हवेतली कार्बनी संयुगे पृष्ठभागावर बसतात, आणि मग थेंब गोळा होऊन घरंगळू लागतात. कारखान्याला इतकी वाट पाहणे परवडत नाही, म्हणून हे वय लवकर आणण्याच्या युक्त्यांवर बरेच संशोधन चालू आहे.

नक्षी नीट उतरली का, हे पाहायला दर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली नेणेही शक्य नसते. त्यासाठी तयार पृष्ठभागावर मंद लेसर टाकतात. समांतर चर त्याचे किरण ठरावीक कोनांत फेकतात. कोनावरून रेघांमधले अंतर कळते आणि किरणांच्या तेजावरून खोलीचा अंदाज येतो, तोही पत्रा पुढे सरकत असतानाच.