मठाच्या खिडकीबाहेर न पाहणारा सेनापती

हिटलरच्या सेनापतींचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी रोमेलवर येऊन थांबते. फार तर मॅनस्टाइन, गुडेरियन. फ्रिडो फॉन सेंगर उंड एटरलिन हे लांबलचक नाव युद्धेतिहासाचं वेड असलेल्या माणसालाही चटकन आठवत नाही. १९४४ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत दोस्तराष्ट्रांच्या फौजा रोमच्या वाटेवर मोन्ते कसिनोच्या पायथ्याशी अडकून पडल्या, त्या मुख्यतः याच माणसामुळे. त्या फौजांत आपली चौथी भारतीय डिव्हिजनही होती.

सेंगरचा जन्म ४ सप्टेंबर १८९१ चा, स्वित्झर्लंडच्या सीमेलगतच्या वाल्ड्सहूट गावातला. घराणं सरदारी आणि कट्टर कॅथलिक. १९१० मध्ये तो फ्रायबुर्गच्या तोफखान्यात एक वर्षासाठी स्वयंसेवक म्हणून दाखल झाला आणि १९१२ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून थेट ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात पोचला. सेसिल ऱ्होड्सने आपल्या मृत्युपत्रात जर्मन विद्यार्थ्यांसाठीही जागा राखून ठेवल्या होत्या आणि त्यांची निवड कैसर करत असे. ज्यांच्यासोबत हा तरुण शिकला, त्यांच्याच देशाशी दोन वर्षांत त्याला लढावं लागलं. पहिल्या महायुद्धानंतर तो घोडदळात गेला. पुढेही तो मनाने घोडदळवालाच होता. रणगाडे त्याच्या हाती आले ते नोकरीच्या ओघात.

आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढची सगळी कथा तिच्याभोवती फिरते. सेंगर बेनेडिक्ट संप्रदायाचा गृहस्थ सदस्य होता. संन्यास न घेता, संसारात राहून संप्रदायाचे नियम पाळणारा. आणि या संप्रदायाचं मूळपीठ म्हणजे संत बेनेडिक्टने सन ५२९ च्या सुमारास स्थापन केलेला मोन्ते कसिनोचा मठ.

१९४० मध्ये फ्रान्समध्ये त्याची ब्रिगेड रोमेलच्या सातव्या पँझर डिव्हिजनबरोबर शेरबुर्गपर्यंत धावली. त्यानंतरची दोन वर्षं तूरिनमध्ये, फ्रान्स-इटली शस्त्रसंधी आयोगावर जर्मन प्रतिनिधी म्हणून गेली. काम कागदी होतं, पण इटालियन माणसांशी तो तिथे जुळवून घ्यायला शिकला. ऑक्टोबर १९४२ मध्ये सतरावी पँझर डिव्हिजन हाती आली आणि डिसेंबरात तो स्टॅलिनग्राडच्या वाटेवर होता. वेढ्यात अडकलेल्या पाउलसच्या सहाव्या सैन्याची सुटका करण्याची ती मोहीम. सोडवायला निघालेल्या तुकड्या वेढ्यापासून पन्नासेक किलोमीटरवर येऊन थांबल्या. सेंगरच्या डिव्हिजनमध्ये रणगाडे नावालाच उरले होते. सहाव्या सैन्याचं काय होणार हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला दिसत होतं.

मग सिसिली. इटालियन सेनापती गुझोनीकडे जर्मन संपर्क अधिकारी म्हणून त्याला धाडलं, आणि १० जुलै १९४३ ला दोस्तांच्या फौजा तिथे उतरल्या. सिसिली गेली. ८ सप्टेंबरला इटलीने शस्त्रसंधी जाहीर केली तेव्हा सेंगर कॉर्सिकात होता. कालचे मित्र रातोरात शत्रू झाले. बास्तिया बंदर इटालियनांनी ताब्यात घेतलं, जर्मनांनी ते परत जिंकलं, आणि सुमारे दोनशे इटालियन अधिकारी कैद झाले. वरून हुकूम आला, प्रतिकार करणाऱ्या अधिकाऱ्यांना गोळ्या घाला.

सेंगरने नकार दिला, आणि तोही मोघम, टोलवाटोलवीचा नाही. त्याने आपला वरिष्ठ केसेलरिंग याला बिनतारी संदेशयंत्रणेवरून सरळ कळवलं की हे आपण करणार नाही. केसेलरिंगने ते ऐकून घेतलं आणि विषय तिथेच सोडला. कैद्यांना इतर युद्धकैद्यांप्रमाणे मुख्य भूमीवर पाठवून देण्यात आलं. सेंगरवर कारवाई काहीच झाली नाही. उलट ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत बेटावरचे हजारो जर्मन सैनिक त्याने सुखरूप बाहेर काढले आणि शाबासकी मिळवली.

त्याच सप्टेंबरात ग्रीसच्या केफालोनिया बेटावर असाच हुकूम गेला होता. तिथल्या जर्मन पहाडी सैनिकांनी शरण आलेल्या इटालियन आकी डिव्हिजनचे जवान आणि अधिकारी हजारोंनी मारले. त्यांच्या सेनापतीला, गांदीनला, २४ सप्टेंबरला गोळी घातली. ‘हुकूम होता, आम्ही काय करणार’ ही सबब युद्धानंतर शेकडो अधिकाऱ्यांनी पुढे केली. ती ऐकताना मला दर वेळी बास्तिया आठवतं.

८ ऑक्टोबर १९४३ ला सेंगर चौदाव्या पँझर कोअरचा प्रमुख झाला आणि त्याचा खरा काळ सुरू झाला. नेपल्सहून रोमला जाणारा महामार्ग क्रमांक सहा लिरी नदीच्या खोऱ्यात शिरतो, तिथे तोंडाशीच कसिनो गाव, समोर रापिदो नदी आणि वर पाचशे मीटरहून उंच डोंगरावर मठ. जर्मनांची गुस्ताव संरक्षणफळी इथूनच जात होती. नावातला ‘पँझर’ इथे फसवा आहे. या डोंगरात रणगाड्यांना फारसं काम नव्हतं. लढाई पायदळाची, खडकात कोरलेल्या खंदकांची आणि खेचरांची होती. सेंगर रोज चालत आघाडीवर जाई. कुठली बटालियन किती थकली आहे, कुणाला कधी मागे घ्यायचं, कुठल्या कड्यावर अजून एक रात्र निभावेल, हे तो नकाशावरून नव्हे, पायाखालच्या जमिनीवरून ठरवी.

१७ जानेवारी १९४४ ला ब्रिटिशांनी खाली समुद्राजवळ गारिल्यानो नदी ओलांडली. तिथली जर्मन डिव्हिजन लेचीपेची होती. सेंगरने केसेलरिंगकडे रोमजवळच्या दोन राखीव डिव्हिजन मागितल्या आणि त्या मिळाल्या. आघाडी सावरली. पण पाचच दिवसांनी, २२ जानेवारीला, दोस्तांच्या फौजा रोमच्या दक्षिणेला आन्झिओला उतरल्या, तेव्हा तिथला किनारा जवळपास रिकामा होता. सेंगरने आपली आघाडी वाचवली आणि रोमचं दार उघडं पडलं, असंही म्हणता येईल. दोस्तांचा सेनापती त्या दारातून धावला नाही, हे जर्मनांचं नशीब. मधल्या दोन दिवसांत अमेरिकेच्या छत्तिसाव्या डिव्हिजनने रापिदो ओलांडायचा प्रयत्न केला आणि सुमारे सतराशे माणसं गमावली. पलीकडच्या जर्मनांना हा मोठा हल्ला होता हेसुद्धा नीट कळलं नाही. या प्रकरणाची चौकशी युद्धानंतर अमेरिकी काँग्रेसपर्यंत गेली.

आता मठ. १९४३ च्या नाताळात सेंगर तिथे उपासनेला गेला, मठाधिपतींसोबत जेवला. खिडकीतून खालचं खोरं दिसलं असतं. आपण मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं नाही, असं तो पुढे सांगत असे. मठ तटस्थ, तेव्हा तिथून सैनिकी नजर टाकणंही गैर, असा त्याचा हिशेब. मठात जर्मन सैनिक नव्हते, हे अमेरिकी लष्कराच्या अधिकृत इतिहासाने पुढे मान्य केलं. पण भिंतीबाहेरच्या उतारावर जर्मन मोर्चे होतेच. खाली चिखलात रुतलेल्या जवानाला वर पाहिलं की ती भिंत आपल्याकडे टक लावून बघते आहे असंच वाटणार.

चौथ्या भारतीय डिव्हिजनचा सेनापती टकर आजारी होता, पण त्याने नेपल्समधून मठावरचं १८७९ सालचं एक पुस्तक शोधून काढलं. भिंती तळाशी दहा फूट जाड. एवढी भिंत पायदळाने फोडायची तर विमानांशिवाय गत्यंतर नाही, असा त्याचा आग्रह. १५ फेब्रुवारीला सव्वादोनशेच्या आसपास बाँबफेकी विमानांनी मठ जमीनदोस्त केला. आत आसरा घेतलेले इटालियन नागरिक मेले. आणि पायदळाची तयारी झालेली नसताना बाँब पडल्यामुळे त्याचा लष्करी फायदाही घेता आला नाही. मठाची तटस्थता संपली तसे जर्मन सैनिक ढिगाऱ्यात शिरले. ढिगाऱ्याइतका सोयीचा किल्ला बांधूनही मिळत नाही.

वृद्ध मठाधिपती ग्रेगोरिओ दियामारे बाहेर पडले, त्यांना सेंगरने आपल्या मुख्यालयात ठेवून घेतलं. मठात जर्मन सैनिक नव्हते, असं त्यांच्या तोंडून रेडिओसाठी ध्वनिमुद्रित करून घेण्यात आलं. पुढे रोमच्या वाटेवर प्रचारखात्याच्या माणसांनी त्या थकल्याभागल्या म्हाताऱ्याला पुन्हा गाठून आणखी वदवून घेतलं, तेव्हा सेंगर संतापला. पण पहिला ध्वनिक्षेपक त्याच्याच मुख्यालयात लागला होता. धर्मनिष्ठा आणि नोकरी यांचा मेळ घालता घालता हे असं होत असे.

मार्चमध्ये गुरखा रायफल्सची एक बटालियन मठाच्या अगदी खालच्या कड्यावर पोचली आणि नऊ दिवस तिथे तग धरून शेवटी मागे आली. मराठा पलटणी या डोंगरावर लढल्या नाहीत. त्यांची इटलीतली नावं पुढची. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात कामी आले, नगर जिल्ह्यातल्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

११ मेच्या रात्री दोस्तांचा चौथा, निर्णायक हल्ला झाला तेव्हा सेंगर आघाडीवर नव्हताच. एप्रिलमध्ये हिटलरच्या हस्ते पदक घ्यायला तो जर्मनीला गेला होता आणि रजेवर होता. त्याचा वरिष्ठ व्हिएटिंगहॉफ, तोही रजेवर. सेंगर परतला तोवर फ्रेंच जनरल ज्युअँच्या मोरोक्कन पहाडी सैनिकांनी, जिथून कुणी येणार नाही असं धरलं होतं त्या आउरुंची डोंगरांतून आघाडी फोडली होती. १८ मेला दोस्तांच्या बाजूने लढणाऱ्या पोलिश सैनिकांनी मठाच्या अवशेषांवर पोलंडचा झेंडा लावला.

त्यानंतरचं वर्ष माघारीचं. त्याच वर्षातला एक डाग त्याच्या चाहत्यांच्या लिखाणात सहसा दिसत नाही. ऑगस्टमध्ये त्याची कोअर टस्कनीत आर्नो नदीच्या खालच्या अंगाला होती. त्याच टापूत, फुचेक्योच्या दलदलीत, २६ व्या पँझर डिव्हिजनच्या सैनिकांनी २३ तारखेला पावणेदोनशेच्या आसपास नागरिक मारले. बायका, मुलं, म्हातारे. डिव्हिजनचा प्रमुख क्रासेमान याला ब्रिटिश न्यायालयाने शिक्षा दिली. सेंगरवर खटला झाला नाही. पण बास्तियाचा नकार दोनशे अधिकाऱ्यांच्या बाबतीत चालला आणि या गावकऱ्यांपर्यंत पोचला नाही, हेही त्याच्या नावासमोर लिहावं लागतं.

४ मे १९४५ ला फ्लॉरेन्समध्ये जनरल मार्क क्लार्कसमोर इटलीतल्या जर्मन सैन्याच्या वतीने शरणागतीसाठी उभा राहिला तो सेंगरच. १९४८ पर्यंत तो कैदेत होता, बराच काळ वेल्समधल्या ब्रिजेंडच्या छावणीत. सुटल्यावर त्याने सालेमच्या निवासी शाळेत शिक्षकी केली. आठवणी लिहिल्या, त्यांच्या इंग्रजी आवृत्तीला ब्रिटिश युद्धेतिहासकार लिडेल हार्टची प्रस्तावना आहे. हिटलरबद्दलची घृणा त्यात ठायी ठायी आहे. मात्र त्या घृणेने त्याचे हात कधी ढिले पडले नाहीत. कसिनोची आघाडी जितके दिवस कसबाने धरली गेली, तितके दिवस हिटलरचं राज्य लांबलं; हे गणित त्यालाही कळत होतं, आणि तरीही त्याने नोकरी चोख बजावली.

ऑक्टोबर १९५० मध्ये हिमेरोडच्या मठात पंधरा माजी जर्मन अधिकारी गुपचूप जमले. पश्चिम जर्मनीचं नवं सैन्य कसं असावं याचा मसुदा त्यांनी तिथे केला. नव्या सैन्यात यायचं तर जर्मन सैनिकाची बदनामी थांबवा आणि युद्धगुन्हेगार ठरवून डांबलेल्या जर्मनांना सोडा, अशा अटीही त्यात होत्या. या पंधरा जणांत सेंगर होता. १९६३ च्या जानेवारीत तो फ्रायबुर्गला वारला, तोवर ते नवं सैन्य उभं राहून सात वर्षं झाली होती. त्याचा मुलगा फर्डिनांड त्यात जनरल झाला आणि पुढे नाटोच्या मध्य युरोपातल्या सैन्याचा सरसेनापती.