रहिमान, आबालाल
(सु. १८६०–१९३१). महाराष्ट्रातील आद्य निसर्गचित्रकारांपैकी एक श्रेष्ठ चित्रकार. कोल्हापूरच्या चित्रपरंपरेचे अध्वर्यू म्हणून ते ओळखले जातात. त्यांच्या उत्तरकालीन निसर्गचित्रांचे यूरोपातील दृक्‌प्रत्ययवादी चित्रांशी असलेले साधर्म्य हा त्यांच्याविषयीच्या कलासमीक्षेतील सर्वांत कुतूहलाचा विषय होय.

त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची परंपरा होती. वळणदार अक्षर, बारीक वेलबुट्टी आणि हाताची स्थिरता यांचे संस्कार त्यांना बालपणीच लाभले. पुढे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. तेथे त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे प्रमुख होते आणि इंग्लंडमधील साउथ केन्सिंग्टनच्या धर्तीवरील अभ्यासक्रम चालू होता. आधी काटेकोर रेखन, मग छायाप्रकाशाने घनतेचा आभास आणि शेवटी संयत रंगलेपन, असा त्या शिक्षणाचा क्रम असे. आबालाल या शिस्तीत इतके पारंगत झाले, की १८८८ मध्ये त्यांच्या रेखनास व्हाइसरॉय पदक मिळाले. त्यांची या काळातील व्यक्तिरेखने व मानवाकृतींचे अभ्यास पाहिले, तर पुढील मोकळ्या रंगलेपनामागे किती पक्के रेखन होते, याची साक्ष पटते.

अशा पदकविजेत्यास मुंबईत व्यक्तिचित्रणाच्या व्यवसायावर चांगले अर्थार्जन करता आले असते. आबालाल मात्र कोल्हापुरास परतले. छत्रपती शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) त्यांना दरबाराचा आश्रय दिला. गावाबाहेर कोटितीर्थ तलावाच्या परिसरात त्यांनी आपला मुक्काम ठेवला आणि एकांतात, जवळजवळ फकिरी वृत्तीने, चित्रसाधना केली. रंगसाहित्याची उणीव त्यांना कधी अडवू शकली नाही. मिळेल त्या कागदावर किंवा पुठ्ठ्यावर ते चित्र काढीत आणि काही रंग स्वतःच तयार करीत, अशी आठवण कोल्हापुरात सांगितली जाते.

कोटितीर्थाचे पाणी, काठची झाडी, घाट व मंदिर, तसेच रंकाळा तलावातील संध्यामठ हे त्यांचे आवडते विषय. रंकाळ्याचे पाणी चढले म्हणजे संध्यामठाची दगडी वास्तू अर्धीअधिक बुडते व ओसरले म्हणजे उघडी पडते. पाषाण तोच, पण पाणी आणि आकाश यांच्याबरोबर त्याचे रूप पालटत राहते. आबालालांचे लक्ष नेमके या पालटावर होते. त्यांनी एकच स्थळ निरनिराळ्या प्रहरी रंगविले. या चित्रांत बाह्यरेषा विरघळते, सावली काळी किंवा तपकिरी न राहता निळसर-जांभळी होते आणि रंगाचे लहान ठिपके व फटकारे शेजारीशेजारी येऊन दुरून पाहणाऱ्याच्या डोळ्यात एकत्र होतात. जवळून पाहता जो नुसता रंगांचा पसारा वाटतो, तोच चार पावले मागे सरताच सकाळचे धुके होतो.

प्रकाशाच्या क्षणिक परिणामाचे असे चित्रण करणाऱ्या फ्रेंच चित्रकारांचे पहिले प्रदर्शन पॅरिसमध्ये १८७४ साली भरले व क्लोद मॉने हा १८८३ पासून झिव्हेर्नी येथे राहिला व पुढे तेच तळे व तीच फुलबाग पुन्हापुन्हा रंगवू लागला. चाइल्ड हॅसम, थीओडोर रॉबिन्सन इ. अमेरिकन निसर्गचित्रकारांनी ही शैली प्रत्यक्ष फ्रान्समध्ये राहून आत्मसात केली; रॉबिन्सनला तर झिव्हेर्नीत मॉनेचा सहवास लाभला. आबालालांना असा मार्ग नव्हता. मुंबईतील शिक्षणातही या पंथाला स्थान नव्हते. त्यामुळे त्यांना सरसकट ‘दृक्‌प्रत्ययवादी’ म्हणणे सोयीचे असले, तरी काटेकोर नव्हे. एखाद्या पंथाचा सिद्धांत स्वीकारून त्यांनी ही रीत अवलंबिली नाही. दीर्घकाळ एकाच पाण्याकडे पाहत राहिल्याने आणि शाळेत शिकलेले तंत्र त्या दर्शनास अपुरे पडल्याने ते तिच्यापर्यंत पोहोचले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. सुलेखनातील सूक्ष्म ठिपक्यांची सवयही येथे त्यांच्या उपयोगी पडली असावी.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. या आघाताने खचलेल्या आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे सांगतात. बुडविलेल्या चित्रांचे आकडे दंतकथेत वाढत गेले असले, तरी त्यांच्या दीर्घ साधनेच्या मानाने आज उपलब्ध असलेली चित्रे फारच थोडी आहेत, ही गोष्ट खरी. त्यांपैकी बहुतेकांवर तारीख नाही. परिणामी त्यांच्या शैलीचा विकास टप्प्याटप्प्याने दाखविणे अवघड होते आणि शालेय रेखनापासून कोटितीर्थाच्या चित्रांपर्यंतचा प्रवास अभ्यासकाला बव्हंशी तर्कानेच जोडावा लागतो.

त्यांनी स्वतः शाळा काढली नाही. तथापि आनंदराव व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे त्यांच्या चित्रांनी प्रभावित झाले व त्यांच्याद्वारे निसर्गचित्रणाची ओढ कोल्हापूरच्या पुढील पिढ्यांत उतरली. माधवराव बागल यांनी आपल्या लेखनातून आबालालांची स्मृती जागती ठेवली. त्यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत.