खिशातला कॅमेरा निवडताना

समजा, तुमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाला माजी विद्यार्थ्यांनी कॅमेरा घेण्यासाठी काही रक्कम दिली आहे. सहलीतली झाडे, प्रयोगशाळेतील नमुने आणि संध्याकाळचे स्नेहसंमेलन अशा सगळ्या ठिकाणी तो उपयोगी पडला पाहिजे, आणि दप्तराच्या कप्प्यात मावलाही पाहिजे. दुकानदार दोन छोटे डिजिटल कॅमेरे पुढे ठेवतो. पहिल्याच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले आहे : '२० मेगापिक्सेल, ३० पट झूम'. दुसऱ्यावरही '२० मेगापिक्सेल' असेच आहे. झूम मात्र अवघा ३ पट आणि किंमत पहिल्यापेक्षा बरीच जास्त! मग दुसरा कोण घेणार?

पहिलाच घेतला, असे धरू. सहलीतली चित्रे छान आली. पण संमेलनाच्या रात्री काढलेली चित्रे पाहिली तर काय? चेहऱ्यांवर रंगीत ठिपक्यांची रवाळ छटा आणि नाचणाऱ्या मुलींचे हात पुसट. संमेलन पुन्हा होणार नाही आणि पैसेही पुन्हा मिळणार नाहीत. असे का झाले? कॅमेरा बिघडलेला होता का? मुळीच नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे छापले होते, ते आपण वाचले. जे बारीक अक्षरांत होते, ते वाचायचे राहिले. ते वाचायला आज आपण शिकू या.

फिल्मच्या जागी सिलिकॉन

जुन्या कॅमेऱ्यात भिंगाने पाडलेली प्रतिमा फिल्मवर उमटे. डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनची एक पातळ चकती असते. तिला संवेदक म्हणतात. प्रकाश पडला की सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळे होतात; जितका प्रकाश जास्त तितके इलेक्ट्रॉन जास्त. संवेदकावर लक्षावधी चिमुकले कप्पे आखलेले असतात. प्रत्येक कप्प्यातील विद्युतप्रभार मोजून त्याचा आकडा लिहून ठेवायचा, की झाले चित्र! हा कप्पा म्हणजेच पिक्सेल आणि दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल.

१९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी अशा संवेदकाची कल्पना मांडली. त्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याचे वजन सुमारे ३.६ किलोग्रॅम होते. चित्र काळेपांढरे, त्यात पिक्सेल फक्त १०,०००, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदवायला २३ सेकंद लागत! आज मुठीत मावणाऱ्या कॅमेऱ्यात याच्या दोन हजार पट पिक्सेल असतात.

अंगणातल्या वाट्या

पिक्सेलची संख्या वाढली की चित्र चांगले येते, असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी आपण अंगणात जाऊ. पावसाची भुरभुर चालू आहे. तुम्ही अंगणात सारख्या आकाराच्या लहान वाट्या मांडल्या आणि मिनिटभराने थेंब मोजले. एका वाटीत ४ थेंब, शेजारच्या वाटीत ७, तिच्या पलीकडे ३! पाऊस तर सगळीकडे सारखाच आहे. आता वाट्यांऐवजी मोठी पातेली ठेवा. त्यांच्यातील फरक प्रमाणाने खूपच कमी दिसेल.

प्रकाशही असाच थेंबाथेंबाने येतो. या थेंबांना आपण प्रकाशकण म्हणू. संख्याशास्त्राचा नियम असा आहे, की सरासरी १०० कण पडत असतील तर प्रत्येक कप्प्यात साधारण १० चा, म्हणजे १०० च्या वर्गमुळाएवढा, चढउतार होतो. हा झाला १० टक्के. १,६०० कण पडले तर चढउतार ४० चा, म्हणजे अवघा अडीच टक्के. भरदिवसा कणांचा मुसळधार पाऊस असतो, म्हणून लहान वाट्याही भरतात. संमेलनाच्या मंद दिव्यांत भुरभुर असते. तेव्हा शेजारशेजारचे पिक्सेल वेगवेगळे आकडे सांगतात आणि गालावर ठिपके उमटतात.

'पण कॅमेऱ्याचा आयएसओ वाढवला तर?' असे कुणी विचारील. रेडिओवर दूरचे केंद्र लावून आवाज वाढवला, तर गाण्याबरोबर खरखरही वाढते. इथेही तसेच होते. आयएसओ वाढवल्याने आकडे मोठे होतात, प्रकाश वाढत नाही.

बारीक अक्षरांतले पहिले वाक्य : संवेदकाचा आकार

आता दोन्ही कॅमेऱ्यांची माहितीपत्रिका उघडू. पहिल्यात लिहिले आहे : संवेदक १/२.३ इंच. दुसऱ्यात : १ इंच. हे इंच फसवे आहेत बरे! पूर्वी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यात काचेच्या निर्वात नळ्या असत. नळीचा बाहेरचा व्यास १ इंच असला, तरी आत प्रतिमेसाठी कर्णात सुमारे १६ मिलिमीटरच जागा मिळे. नळ्या गेल्या, पण मापाची ती रीत राहिली. म्हणून मिलिमीटरच पाहावेत. '१/२.३ इंच' संवेदक साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटर असतो, तर '१ इंच' संवेदक १३.२ × ८.८ मिलिमीटर. क्षेत्रफळे काढा : सुमारे २८ आणि ११६ चौरस मिलिमीटर. म्हणजे चौपट!

दोन्हींत पिक्सेल २ कोटीच. तेव्हा पहिल्यातील पिक्सेलची बाजू सुमारे १.२ मायक्रोमीटर आणि दुसऱ्यातील २.४ मायक्रोमीटर. रक्तातील तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रोमीटरची असते, यावरून या वाट्या किती चिमुकल्या आहेत ते कळेल. मेगापिक्सेलचा आकडा सारखाच, पण एकाकडे वाट्या आहेत आणि दुसऱ्याकडे पातेली.

दुसरे वाक्य : एफ-अंक

भिंगाच्या कडेवर काही आकडे कोरलेले असतात. पहिल्यावर '३.५–६.४', दुसऱ्यावर '१.८–२.८'. हा एफ-अंक. भिंगाच्या नाभीय अंतराला प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राच्या व्यासाने भागले, की तो मिळतो. अंक लहान तितके छिद्र मोठे. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. ३.५ ला १.८ ने भागून वर्ग केला तर जवळजवळ ४ येतात. याचा अर्थ, दुसऱ्या कॅमेऱ्यात प्रत्येक चौरस मिलिमीटरवर चौपट प्रकाश पडतो, आणि पिक्सेलही चौपट मोठा आहे. चार चोक सोळा! पहिल्याच्या पिक्सेलला १०० कण मिळतात, तेव्हा दुसऱ्याच्या पिक्सेलला सुमारे १,६०० मिळतात. वरची वाट्यांची आकडेमोड आठवली ना?

हा प्रकाश वेळ कमी करण्यासाठीही वापरता येतो. पहिल्याला झडप १/१५ सेकंद उघडी ठेवावी लागत असेल, तर दुसऱ्याला १/६० सेकंद पुरते. नाचणारा हात तेवढ्या वेळात कमी सरकतो, म्हणून तो पुसट होत नाही. कॅमेऱ्यात कंप रोखण्याची सोय असली तरी ती आपल्या हाताचा कंप रोखते. नर्तकीचा हात ती थांबवू शकत नाही!

मग ३० पट झूमचे भिंग अधिक प्रकाश घेणारे का करत नाहीत? हिशोब करून पाहा. संवेदक लहान असल्यामुळे ४.१ ते १२३ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग ३० पट झूमला पुरते. १२३ मिलिमीटरला एफ-अंक १.८ हवा असेल, तर छिद्राचा व्यास ६८ मिलिमीटर करावा लागेल. असे भिंग खिशात मावणारच नाही. ६.४ अंकाला १९ मिलिमीटर पुरतात. खिशाची मर्यादा भिंगालाही पाळावी लागते.

शिवाय प्रकाशाचे विवर्तन आहेच. अगदी निर्दोष भिंगसुद्धा ताऱ्याची प्रतिमा बिंदूएवढी पाडू शकत नाही. ती एक चकती असते. तिचा व्यास = २.४४ × तरंगलांबी × एफ-अंक. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर आणि एफ-अंक ६.४ घेतला, तर चकती सुमारे ८.६ मायक्रोमीटरची होते. १.२ मायक्रोमीटरचे सात पिक्सेल तिच्या व्यासावर बसतील! म्हणजे पूर्ण झूम लावल्यावर पिक्सेल वाढवून नवा तपशील मिळत नाही. त्याच पुसट ठिपक्याचे अधिक तुकडे होतात.

किती पिक्सेल पुरे?

इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात ४ × ६ इंचाचा फोटो छापायला १,२०० × १,८०० पिक्सेल लागतात, म्हणजे जेमतेम २.२ मेगापिक्सेल. ए-४ कागदाला ८.७ पुरतात. 'डिजिटल झूम' या शब्दापासून मात्र सावध राहा. त्यात भिंग हलत नाही. चित्राचा मधला भाग कापून मोठा केला जातो. ४ पट डिजिटल झूम म्हणजे २० मेगापिक्सेलमधले फक्त सव्वा उरले.

घरातल्या मोबाइल फोनचे काय?

हा प्रश्न रास्त आहे. २०१० च्या सुमारास जगात वर्षाला दहा कोटींहून अधिक छोटे कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडत. फोनमधील कॅमेरे सुधारले आणि ही संख्या झपाट्याने घसरली. फोन एकामागून एक अनेक चित्रे टिपतो, ती जुळवतो आणि ठिपके कमी करतो. म्हणजे लहान वाटीतले पाणी पुन्हापुन्हा मोजून सरासरी काढतो! घरात चांगला फोन असेल, तर लहान संवेदकाचा, कमी झूमचा स्वस्त कॅमेरा घेण्यात हशील नाही. फोन जे करू शकत नाही, तेच काम करणारा कॅमेरा घ्यावा.

करून पाहा

दुकानात जाताना एक वर्तमानपत्र न्या. दुकानातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात मित्राला ते हातात धरून उभे करा. फ्लॅश बंद करून चित्र घ्या आणि पडद्यावर पूर्ण मोठे करून पाहा. गालावर ठिपके किती? कोपऱ्यातली अक्षरे वाचता येतात का? फ्लॅशवर भिस्त ठेवू नका. ३ मीटरवर पुरणारा फ्लॅश १२ मीटरवर सोळाव्या हिश्शाने उरतो. रंगमंच बहुधा तेवढा दूर असतोच.

वापरलेला कॅमेरा घेत असाल तर पांढऱ्या भिंतीचे चित्र घ्या. आत धूळ असेल तर काळसर डाग दिसतील. मग भिंग झाकून काही सेकंदांचे चित्र घ्या. बिघडलेले पिक्सेल ताऱ्यांसारखे चमकतील. त्याची बॅटरी अजून बाजारात मिळते का, हेही आधी विचारा.

तर मग कोणता घ्यायचा? तळ्याकाठचे बगळे भरदिवसा टिपणे हे मंडळाचे मुख्य काम असेल, तर ३० पट झूमचाच कॅमेरा योग्य. तिथे ३ पट झूम अपुरा पडेल. पण वर्ग, प्रयोगशाळा, संध्याकाळ आणि संमेलन ही कामे जास्त असतील, तर दुसरा घ्यावा. दोन्ही गुण पुरेपूर असलेला कॅमेरा खिशात मावत नाही. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी मंडळाची एक सभा घ्या, गेल्या वर्षी कुठे कुठे चित्रे काढावीशी वाटली त्याची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा : उजेड किती, अंतर किती, हालचाल किती? ती यादी पुरी झाली, की उत्तर जवळजवळ मिळालेच.