निवड आपली, की आपण मानलेली?

‘मला काय हवे, हे माझ्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?’ हा विश्वास आपल्या साऱ्या व्यवहारांच्या मुळाशी असतो. दुकानातील चहाचा पुडा असो वा मुदत ठेवीवरील व्याजाचा पर्याय असो, एकदा केलेली निवड आपल्या पक्की ध्यानात आहे, असे आपण गृहीत धरतो. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे संशोधक पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या विश्वासाला चांगलाच हादरा दिला.

प्रयोग साधा होता. १२० व्यक्तींना स्त्रियांच्या छायाचित्रांच्या जोड्या दाखवून त्यांतील अधिक आकर्षक चेहरा निवडावयास सांगितले गेले. मग पसंत केलेले छायाचित्र त्यांच्या हाती देऊन पसंतीचे कारण विचारले जाई. प्रत्येकाला दाखविलेल्या १५ जोड्यांपैकी तिघींच्या वेळी मात्र जादूगाराच्या हातचलाखीने नाकारलेलेच छायाचित्र पुढे सरकविण्यात येई. अशा सुमारे तीन चतुर्थांश प्रसंगी ही अदलाबदल कोणाच्याही लक्षात आली नाही. विशेष म्हणजे कारणे अगदी आत्मविश्वासाने दिली गेली. एकाने आपल्याला कानातील डूल आवडल्याचे सांगितले. वास्तविक त्याने निवडलेल्या स्त्रीच्या कानात डूल नव्हतेच!

संशोधकांनी या अवस्थेला जे नाव दिले, त्याला मराठीत ‘निवड-अंधत्व’ म्हणता येईल. हे केवळ डोळ्यांचे दुर्लक्ष नव्हे, कारण समोरचे छायाचित्र नीट न्याहाळूनच ती माणसे बोलत होती. चवीच्या बाबतीतही हेच घडते. एका बाजारपेठेत ग्राहकांना दोन प्रकारचे जॅम चाखावयास देऊन, दुहेरी झाकणांच्या बरण्या गुपचूप उलट्या करण्यात आल्या. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक वेळा फसगत उघडकीस आली नाही. दालचिनी घातलेले सफरचंद आणि कडवट ग्रेपफ्रूट यांसारख्या भिन्न चवींतही निम्म्याहून अधिक वेळा ती पकडली गेली नाही. आवडलेली बरणी भेट मिळेल, असे सांगूनही सावधपणा वाढला नाही.

चेहरा आणि जॅम या किरकोळ गोष्टी झाल्या, असे कोणी म्हणेल. परंतु स्वीडनच्या २०१० मधील सार्वत्रिक निवडणुकीच्या काळात मतदारांनी धोरणविषयक प्रश्नावलीत नोंदविलेली उत्तरे नकळत विरुद्ध बाजूला फिरविली असता, बदललेल्या उत्तरांपैकी केवळ २२ टक्के उत्तरे दुरुस्त केली गेली. उरलेल्यांचे त्यांनी समर्थनच केले. काहींनी तर मतदानाचा विचारही बदलला.

असे का व्हावे? आपल्या निवडीचे कारण मनाच्या कपाटात जपून ठेवलेले असते आणि विचारताच ते बाहेर काढले जाते, ही आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुधा समोर जे दिसते त्यावरून कारण तत्क्षणी रचले जाते. १९७७ साली रिचर्ड निस्बेट व टिमोथी विल्सन यांनी वर्णिलेल्या पाहणीत मोज्यांच्या चार सारख्याच जोड्या मांडल्या होत्या. सर्वाधिक पसंती उजव्या टोकाच्या जोडीला मिळाली. कारण म्हणून मात्र कोणीही तिच्या जागेचा उल्लेख केला नाही. कारण रचून झाले की माणूस त्याला बांधला जातो. योहान्सन यांच्या पुढील प्रयोगांत तीच जोडी पुन्हा दाखविली असता, पूर्वी नाकारलेला पण ‘आपला’ म्हणून समर्थन केलेला चेहरा लोक अधिक वेळा निवडू लागले.

अर्ज दुसऱ्याकडून भरून घेऊन स्वाक्षरी करण्याची सवय आपल्या देशात सर्वत्र आहे. मासिक व्याज मागितले आणि अर्जावर संचयी ठेवीपुढे खूण झाली, तर ‘पुढे मुलीच्या शिक्षणाला एकरकमी रक्कम उपयोगी पडेल’ असे समाधान ग्राहक स्वतःच शोधून काढू शकतो. म्हणून खिडकीवरील सहकाऱ्यांनी भरलेला अर्ज पुढे करून ‘बरोबर आहे ना?’ असे विचारण्यापेक्षा, तो दाखविण्याआधीच ‘व्याज आपल्याला कसे हवे होते?’ असे विचारावे आणि उत्तर अर्जाशी ताडून पाहावे. वर्षभराने नूतनीकरणासाठी पावती समोर आली, तरी हाच क्रम ठेवावा.