दहाव्या वेळीं अडणारी गाडी

वैद्याला सर्वांत अवघड रोगी कोणता वाटत असेल? जो दवाखान्याची पायरी चढतांच बरा होतो, तो. रात्रीं तापानें फणफणलेला मनुष्य सकाळीं नाडी दाखवावयास येतो, तेव्हां अंग थंड, जीभ स्वच्छ आणि भूक उत्तम! हिंवतापाचे रोगी पुष्कळदां असे असतात. यंत्रांच्या जगांतहि असले रोगी आढळतात, आणि त्यांपैकीं एकाविषयीं आज मी आपणांशीं बोलणार आहें. हा रोगी म्हणजे एक जुनी पिकअप गाडी. पुढें दोघांतिघांनीं बसावें, मागें उघड्या हौद्यांत सामान टाकावें, अशी तिची ठेवण. दहा वेळां चावी फिरविली, तर नऊ वेळां ती निमूटपणें चालू होते. दहाव्या वेळीं मात्र हट्टी बैलासारखी जागच्या जागीं बसते.

उदाहरण नेमकें असावें, म्हणून १९८७ सालची, सहा सिलिंडरांची फोर्ड एफ-१५० ही गाडी आपण डोळ्यांपुढें ठेवूं. अमेरिकेंत पिकअप ही चैनीची वस्तु म्हणून जन्मास आली नाहीं. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या सुप्रसिद्ध मॉडेल-टी गाडीला मागें हौदा जोडून विकावयास आरंभ केला, तो शेतकऱ्यांसाठीं व लहान धंदेवाल्यांसाठीं. एफ-मालिकेच्या गाड्या १९४८ पासूनच्या. इतकी जुनी गाडी जो आजहि रोजच्या कामाला जुंपतो, तो हौसेखातर नव्हे, तर नवी घेणें परवडत नाहीं म्हणून. तो सुतार असेल, माळी असेल, किंवा चार एकरांचा धनी असेल. गाडी एक दिवस अडली म्हणजे त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते.

पण याहून मोठें नुकसान पुढेंच असतें. तो गाडी दुरुस्तीला नेतो. कारागीर बॅटरी बदलतो. गाडी चालू होते. आठवड्यानें ती पुन्हां अडते. मग स्टार्टर बदलला जातो. गाडी चालू होते. पुन्हां अडते, मग पेट्रोलचा पंप. प्रत्येक वेळीं गाडी चालू झाली हें खरें. परंतु कांहीं न बदलतांहि ती चालू झालीच असती, ही गोष्ट कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. अशा रीतीनें तीन निर्दोष भाग कचऱ्यांत जातात, आणि अपराधी सुखानें आपल्या जागीं राहतो. म्हणून या रोगाच्या चिकित्सेचा पहिला नियम असा : बिघाड हजर असतांना त्याची जबानी घ्यावी, तो निघून गेल्यावर तर्क लढवीत बसूं नये.

आतां जबानी घ्यावयाची ती कशी? प्रथम हें ओळखिलें पाहिजे कीं, “गाडी चालू होत नाहीं” या एका वाक्यांत दोन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या आहेत. एक, चावी फिरविली तरी इंजिन हलतच नाहीं. दुसरी, इंजिन घरघर फिरतें, पण पेट घेत नाहीं. या दोन तक्रारींचें मूळ अगदीं वेगळ्या ठिकाणीं असतें. पूर्वीं इंजिन हातानें दांडा फिरवून चालू करावें लागे, आणि उलट झटक्यानें मनगटें मोडत. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञानें विजेचा स्टार्टर तयार केला व तो १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत बसविला गेला. तेव्हांपासून इंजिनाला पहिला वळसा देण्याचें काम बॅटरीचें व स्टार्टरचें. आणि वळसा मिळाल्यावर पेट घेण्याचें काम पेट्रोलचें व ठिणगीचें. कोणाचें काम बिघडलें, हें कान देऊन ऐकिलें म्हणजे निम्मा शोध संपतो.

पहिली तक्रार आधीं घेऊं. इंजिन हलत नाहीं. अशा वेळीं पुढचे दिवे लावावे आणि मग चावी फिरवावी. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी रिकामी आहे, तिच्या तारांचा सांधा सैल आहे, किंवा स्टार्टर अडकून बसला आहे. ‘खट्’ असा आवाज झाला आणि दिवे मात्र जसेच्या तसे तेजस्वी राहिले, तर वीज स्टार्टरमधून वाहतच नाहीं. आणि आवाजहि नाहीं, दिवेहि तसेच, असें झालें, तर चावीचा हुकूमच पुढें पोंचलेला नाहीं.

बॅटरीची परीक्षा साध्या मीटरनें होते. बारा व्होल्टची म्हणून जी बॅटरी आपण ओळखतों, ती पूर्ण भरलेली व विश्रांत असतां सुमारें १२·६ व्होल्ट दाखविते. १२·२ म्हणजे ती जवळ जवळ अर्धी रिती झाली. पण विश्रांत बॅटरीचा आंकडा फसवा असूं शकतो. खरी कसोटी ओझें उचलतांना. स्टार्टर फिरत असतां हा आंकडा साधारण हवेंत ९·६ च्या खालीं जाऊं नये.

बॅटरी चांगली ठरली तरी घाई करूं नये. अशा जुन्या गाडींत पुष्कळदां दोष सांध्यांत असतो. स्टार्टर दीडशें अँपियरच्या आसपास वीज ओढतो. बॅटरीच्या दांड्यावर पांढरट बुरशी चढून तेथें एका ओहमच्या अवघा शंभरावा हिस्सा विरोध उत्पन्न झाला, तर दीडशेंला शंभरानें भागून दीड व्होल्ट त्या एका सांध्यांतच जिरतात. दिव्याला इतकी थोडी वीज लागते कीं, तो त्याच सांध्यांतून लखलखीत पेटतो आणि मालकाला वाटतें, “बॅटरी तर उत्तम आहे!” हा सांधा पकडण्याची युक्ति सोपी आहे. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या शिशाच्या दांड्यावर, चिमट्यावर नव्हे. दुसरें टोंक स्टार्टरच्या खिळीवर. एका माणसानें चावी फिरवावी, दुसऱ्यानें आंकडा वाचावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसला तर वाटेंत कोठें तरी चोर आहे. बॅटरीपासून इंजिनाच्या लोखंडाकडे जाणाऱ्या दुसऱ्या तारेचीहि अशीच झडती घ्यावी. ती हटकून विसरली जाते.

आपल्या या फोर्ड गाडींत आणखी एक सोय आहे. स्टार्टरकडे जाणारी वीज सोडणारा रिले बॅटरीजवळ बॉनेटखालीं समोरच दिसतो. त्याला दोन जाड खिळ्या व एक बारीक तार. चावी फिरवितांना बारीक तारेंत बारा व्होल्ट येत असून दोन जाड खिळ्यांमध्यें बरेच व्होल्ट उरत असतील, तर रिलेच्या आंतील तांब्याचे ओठ जळालेले आहेत. जळालेले ओठ कधीं टेंकतात, कधीं टेंकत नाहींत. आणि म्हणूनच गाडी कधीं चालू होते, कधीं होत नाहीं.

बारीक तारेंत वीजच येत नसेल, तर मागें मागें जावें. आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडींत गिअर योग्य जागीं नसतां स्टार्टर चालूं नये, म्हणून एक स्विच असतो; हातानें गिअर बदलावयाच्या गाडींत तो क्लचच्या पेडलापाशीं असतो. दांडा ‘पार्क’ वरून ‘न्यूट्रल’ वर नेतांच गाडी चालू झाली, तर संशय त्या स्विचवर घ्यावा. या गाडींत चावीचें कुलूप आणि विजेचा स्विच यांच्यामध्यें एक लोखंडी दांडी असते. सुकाणूच्या खांबांतील तिला ढकलणारा भाग झिजला, म्हणजे चावी पूर्ण फिरते, पण स्विच पूर्ण सरकत नाहीं.

आतां दुसरी तक्रार. इंजिन जोमानें फिरतें, पण पेट घेत नाहीं. येथें प्रश्न एकच : ठिणगी नाहीं, कीं पेट्रोल नाहीं? चावी अर्धी फिरविली म्हणजे पंपाची बारीक गुणगुण एखादा सेकंद ऐकूं आली पाहिजे. ती ऐकूं आली नाहीं, तर पंपाचा रिले पहावा, आणि डावीकडे बसणाऱ्या चालकाच्या शेजाऱ्याच्या पायांपाशीं असलेला एक छोटा स्विचहि पहावा. अपघातांत पेट्रोल सांडूं नये म्हणून जोराचा धक्का बसतांच पंप बंद करणें हें त्याचें काम. पण एखाद्या खड्ड्यानेंहि तो उडूं शकतो. गुणगुण झाली, तर ठिणगी-परीक्षकानें ठिणगी पहावी. प्लगची तार हातांत धरून परीक्षा करण्याचें धाडस कोणीं करूं नये.

या दुसऱ्या तक्रारींत या गाडीचा एक प्रसिद्ध विकार आहे. ठिणगीची वीज चालूबंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग, ‘थिक फिल्म इग्निशन’ नांवाचा, डिस्ट्रिब्यूटरच्या अंगावरच, म्हणजे तापलेल्या इंजिनाला खेटून, बसविलेला असे. असा भाग उष्णतेनें थकतो. यांतील गंमत पहा. गाडी चालत असतां पंखा व पाणी इंजिनाला थंड ठेवतात. गाडी थांबली कीं दोन्ही थांबतात, आणि उष्णता बॉनेटखालीं कोंडून कांहीं काळ वाढत जाते. म्हणून पहाटे थंड गाडी बिनतक्रार चालू होते. मालक दुकानापाशीं दहा मिनिटें थांबतो, परत येतो, तों ती मुकी! अर्ध्या तासानें तीच पुन्हां चालू होते. दुसऱ्या गाडीनें ओढून कारखान्यांत नेईपर्यंत ती थंड झालेली असते, आणि कारागीर म्हणतो, “हिला तर कांहींच झालेलें नाहीं.” १९८३ ते १९९५ या काळांतील अशा गाड्यांवरून कॅलिफोर्नियांत मोठा दावा चालला, सन २००० मध्यें तेथील न्यायाधीशानें गाड्या परत बोलावण्याचा निर्णय दिला व २००१ मध्यें प्रकरण तडजोडीनें मिटलें.

परंतु प्रसिद्ध अपराधी म्हणून त्यालाच फांशीं देऊं नये. डिस्ट्रिब्यूटरच्या पोटांत इंजिनाची गति कळविणारा एक संवेदक असतो, तोहि उष्णतेनें असाच मुका होतो. म्हणून गाडी अडलेली असतांनाच, इंजिन फिरवीत, मीटरनें पहावें. संवेदकाची खूण या भागाकडे येत नसेल, तर दोष संवेदकाचा. खूण येत असून ठिणगीची वीज तुटत नसेल, तर दोष या भागाचा. ओल्या फडक्यानें तो भाग थंड करतांच ठिणगी परतली, तर पुरावा बळकट झाला. मात्र थंडावा हा पुरावा आहे, औषध नव्हे. नवा भाग बसवितांना त्याच्या पाठीला उष्णता वाहून नेणारा लेप लावावा लागतो; तो विसरला, तर नवाहि जुन्याच्या वाटेनें जातो.

या सर्वांस एक वही जोडावी. गाडी केव्हां अडली, तापली होती कीं थंड, पाऊस होता काय, दिवे कसे होते, आवाज कोणता, किती वेळानें सुधारली, इतकें लिहावें. दहा नोंदी झाल्या म्हणजे वही स्वतःच बोलूं लागते. आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या, तर गुण कोणाचा हें कधींच कळत नाहीं.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : गाडी बरी झाली, हें कसें ओळखावें? दहांत एकदां अडणारी गाडी, दुरुस्ती मुळींच झाली नसतांहि, ओळीनें दहा वेळां चालू होण्याचा संभव शंभरांत सुमारें पसतीस आहे. ओळीनें तीस वेळां चालू होण्याचा संभव मात्र शंभरांत चारच. तेव्हां दोनतीन वेळां चालू झाली म्हणून पैसे चुकते करून आनंदानें घरीं जाणें हा भोळेपणा होय. ज्या परिस्थितींत ती अडत असे, त्याच परिस्थितींत, तापलेली असेल तर तापवूनच, तीस वेळां तिची परीक्षा घ्यावी.

जातां जातां एक इशारा. रिलेच्या दोन खिळ्यांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेंकवून गाडी चालू करण्याची कित्येकांना संवय असते. त्यानें गिअरचा सुरक्षित स्विच वगळला जातो, आणि गाडी समोरच्या माणसाच्या अंगावर जाऊं शकते. शिवाय बॅटरींतून हायड्रोजन वायु निघतो, व तो ठिणगीनें पेटतो. हॅन्डब्रेक ओढावा, चाकांना दगड लावावे आणि मगच हात घालावा. घाई करून वांचविलेलीं पांच मिनिटें पुढें फार महाग पडतात. सावकाशपणें घेतलेली जबानी मात्र त्या सुताराची पुढची मजुरी वांचविते.