जुन्या बँक खात्यातील ठेव बुडत नाही

घरातील वडीलधारी व्यक्ती प्रभूच्या घरी गेल्यावर कपाट आवरताना एखादे जुने पासबुक किंवा मुदत ठेवीची पावती हाती लागते. त्यावरील बँकेचे नाव आज कोठे दिसत नाही आणि खाते क्रमांकही पुसट झालेला असतो. ‘आता हे पैसे कसले मिळणार!’ असे म्हणून ते कागद पुन्हा पेटीत ठेवले जातात. वस्तुतः ती ठेव बुडालेली नसते.

खात्यावर सलग दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही, तर ते निष्क्रिय ठरते. दहा वर्षे कोणी मागणी न केलेली रक्कम बँकेने ‘ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी’कडे वर्ग करायची असते. हा निधी रिझर्व्ह बँकेने २०१४ साली स्थापन केला. मात्र रक्कम निधीत गेली म्हणून ठेवीदाराचा अथवा त्याच्या वारसांचा हक्क संपत नाही. मागणी आपल्या बँकेकडेच करायची असते. निष्क्रिय बचत खात्यावरही व्याज चालू राहते आणि ते पुन्हा सुरू करण्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही.

प्रथम बँक शोधावी. देना बँक व विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, तर कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली. अशा खात्यांची चौकशी आजच्या बँकेत करावी.

खाते क्रमांक ठाऊक नसला तरी निराश होऊ नये. खातेदाराचे पूर्ण नाव, जन्मतारीख, त्या काळातील पत्ता व शाखेचे नाव लिहून शाखाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे खातेदाराचे नाव आणि पॅन, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट क्रमांक किंवा जन्मतारीख यांपैकी एक तपशील देऊन अनेक बँकांतील ठेवी एकाच वेळी शोधता येतात. सर्व बँका मात्र त्यात नाहीत. सहकारी बँकेतील ठेवीसाठी प्रत्यक्ष शाखेत जाणेच उत्तम.

आपल्या समाजात नावांची अडचण विशेष जाणवते. पासबुकावर घरचे नाव आणि आधार कार्डावर बाप्तिस्म्याचे नाव असते. एकाच कुटुंबात डिसोजा व डिसुझा अशी दोन आडनावे आढळतात. विवाहानंतर स्त्रियांचे आडनावही बदलते. अशा वेळी धर्मग्रामाच्या नोंदवहीतील बाप्तिस्म्याचा किंवा विवाहाचा दाखला पूरक पुरावा म्हणून उपयोगी पडू शकतो. बँक मागेल ती शासकीय कागदपत्रे मात्र द्यावीच लागतात. त्याचप्रमाणे चर्चमधील दफनाची नोंद म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. तो ग्रामपंचायतीकडून किंवा महानगरपालिकेकडून घ्यावा.

खात्याला नॉमिनी असल्यास मागणी सुलभ होते. परंतु नॉमिनी हा विश्वस्त असतो, त्या पैशांचा एकटा मालक नव्हे. मृत्युपत्र नसेल तर आपणा ख्रिस्ती लोकांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. त्यानुसार मृताच्या विधवेस एक तृतीयांश आणि उर्वरित दोन तृतीयांश मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो. विवाहित मुलीचा वाटाही तेवढाच. पासबुक ज्या भावाच्या हाती लागले, त्याने बहिणींना अंधारात ठेवून रक्कम काढणे हा अन्याय आहे आणि अशा पैशांमुळे घरे तुटतात.

‘जुने पैसे मिळवून देतो’ असे सांगून फोनवर ओटीपी किंवा आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून सावध राहावे.

अखेरीस प्रत्येकाने आपली खाती व ठेवी यांची यादी आजच करावी आणि जीवनसाथीला दाखवावी. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी नेमता येतात. हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणाऱ्या स्त्रीचा दृष्टान्त संत लूकच्या शुभवर्तमानात आहे. आईवडिलांनी घाम गाळून साठवलेली पुंजी शोधताना आपणही तीच चिकाटी दाखवावी आणि ती मिळाल्यावर न्यायाने वाटावी.