ताणतणाव, स्त्रीची प्रजननक्षमता आणि गर्भारपण

संकटाच्या प्रसंगी शरीर आपली शक्ती तातडीच्या बचावाकडे वळवते व लांबणीवर टाकता येतील अशी कार्ये बाजूला ठेवते. हान्स सेली यांनी १९३६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात या प्रतिसादाचे वर्णन केले आणि ताणाच्या आधुनिक अभ्यासाला चालना मिळाली. लांबणीवर टाकता येणाऱ्या कार्यांत प्रजननाचा समावेश होतो.

मेंदूतील हायपोथॅलॅमसमधून ठरावीक अंतराने, स्पंदनांच्या रूपात, एक संप्रेरक स्रवते. ते पियुषिका ग्रंथीला चेतवते आणि त्या ग्रंथीच्या संप्रेरकांमुळे अंडाशयात बीज परिपक्व होऊन बाहेर पडते. ताणामुळे कॉर्टिसॉल व त्याला चालना देणारी संप्रेरके वाढली की ही स्पंदने मंदावतात. ताण दीर्घकाळ टिकला, त्यात अपुरा आहार वा अतिश्रम यांची भर पडली, तर पाळी अनियमित होते, क्वचित थांबतेही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, तेव्हा नऊ महिन्यांनंतरच्या जन्मांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली. अर्थात त्यात भुकेचा वाटा किती आणि भीतीचा किती, हे वेगळे काढणे अशक्य आहे.

दैनंदिन ताणाविषयीचे पुरावे अधिक गुंतागुंतीचे आहेत. अमेरिकेतील मिशिगन व टेक्सास येथील ५०१ जोडप्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. लाळेतील अल्फा-अमायलेज हे ताणदर्शक विकर ज्यांच्यात सर्वाधिक होते, त्या स्त्रियांची गर्भधारणाक्षमता २९ टक्क्यांनी कमी आढळली. कॉर्टिसॉलशी मात्र असा संबंध दिसला नाही. याउलट, १४ अभ्यासांतील ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र करणाऱ्या २०११ मधील विश्लेषणात, कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांपूर्वीच्या मानसिक ताणाचा त्यांच्या यशापयशाशी संबंध आढळला नाही. या निष्कर्षांत विसंगती मानण्याचे कारण नाही. उपचारांत बीजाची वाढ बाहेरून दिलेल्या संप्रेरकांनी घडवली जाते; त्यामुळे वरील साखळीचा मोठा भाग वगळला जातो.

म्हणूनच "टेन्शन घेऊ नकोस, आपोआप दिवस राहतील" हा घरोघरी मिळणारा सल्ला शास्त्रदृष्ट्या लंगडा आणि व्यवहारात क्रूर ठरतो. अनेक जोडप्यांत कारण पुरुषाकडे असते. तरीही 'वांझ' हा शब्द स्त्रीलाच लावला जातो. ताणामुळे वंध्यत्व येते की वंध्यत्वामुळे ताण येतो, हा प्रश्न अशा घरात विचारलाच जात नाही.

गर्भारपणात वारेतील एक विकर मातेच्या कॉर्टिसॉलचे मोठ्या प्रमाणावर निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते. गर्भाला लाभलेले हे संरक्षण पूर्ण नसते. कॅनडातील क्विबेक प्रांतात जानेवारी १९९८ मध्ये हिमवादळाने लक्षावधी घरांची वीज गेली, काही ठिकाणी महिन्याहून अधिक काळ. सुझान किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वेळी गर्भवती असलेल्या स्त्रियांच्या मुलांचा पाठपुरावा केला. ज्या मातांनी अधिक हालअपेष्टा सोसल्या, त्यांच्या मुलांची बौद्धिक व भाषिक प्रगती दुसऱ्या वर्षी तुलनेने कमी दिसली. येथे मोजली गेली ती विजेविना काढलेले दिवस, स्थलांतर, झालेले नुकसान अशी बाह्य परिस्थिती, स्वभावाचा हळवेपणा नव्हे. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. परंतु ऊसतोडीच्या फडावर पोटुशी असताना मोळ्या वाहणाऱ्या स्त्रीला ती रजा देणारा मालक कागदोपत्री क्वचितच सापडतो.